‘ॲड्रिनल सपोर्ट’च्या कॅप्सूल : घेताना काय होते आणि सोडताना काय होते

अमेरिकेत व्हिटॅमिनच्या कोणत्याही दुकानात किंवा ऑनलाइन सहज मिळणाऱ्या ‘ॲड्रिनल सपोर्ट’ नावाच्या कॅप्सूलचे हे परीक्षण आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने त्या वर्षभराच्या आसपास घेतल्या आणि मग बंद केल्या. या दोन्ही काळांत जे घडले ते मी जवळून पाहिले आणि पेशाने फार्मासिस्ट असल्यामुळे त्यामागचे कारण समजून घेत राहिले. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. याच धर्तीची कितीतरी उत्पादने बाजारात आहेत, आणि एका नावावर ठपका ठेवला की वाचणारा शेजारची बाटली निर्धास्तपणे उचलतो.

प्रथम बाटलीविषयी. बाहेरून ती अतिशय विश्वासार्ह दिसते. हिरवे-पांढरे लेबल, डोंगर आणि कुरणाचे चित्र, ‘न्यूझीलंडच्या कुरणांवर चरणाऱ्या जनावरांपासून’ असा उल्लेख, आणि महिन्याच्या बाटलीला तीस-चाळीस डॉलर. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत घटकांची यादी आहे : बोवाइन ॲड्रिनल ग्लँड्युलर, बोवाइन ॲड्रिनल कॉर्टेक्स, ज्येष्ठमधाचे मूळ, अश्वगंधा, पँटोथेनिक ॲसिड, बायोटिन. यांतील पहिले दोन घटक म्हणजे गाईबैलांच्या मूत्रपिंडांवर असणाऱ्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींची वाळवून केलेली भुकटी. ताई जन्मभर शाकाहारी आहे, आणि बोवाइन म्हणजे काय हे तिला ना विकणाऱ्याने सांगितले ना सल्ला देणाऱ्याने. एवढ्या एका कारणासाठीही आपल्याकडच्या अनेक घरांतून ही बाटली परत गेली असती. ज्येष्ठमध आणि अश्वगंधा ही ओळखीची नावे वाचून मात्र तिला ते सगळेच घरगुती वाटले. मी औषधाच्या दुकानात रोज उभी असते, तरी तिने मला ही गोष्ट सांगितली नव्हती, विचारल्यावर म्हणाली, “अगं, औषध नाहीये ते. सप्लिमेंट आहे नुसतं.”

कायद्याने ते खरेही आहे, आणि अडचणीचे मूळ तिथेच आहे. अमेरिकेत १९९४ साली झालेल्या आहारपूरकांविषयीच्या कायद्यानुसार अशी उत्पादने बाजारात आणण्यापूर्वी ती सुरक्षित आहेत किंवा उपयोगी आहेत हे एफडीए या अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे सिद्ध करावे लागत नाही. दाव्याखाली एक ठरावीक चौकट छापली की झाले : या विधानाचे एफडीएने मूल्यमापन केलेले नाही आणि हे उत्पादन कोणत्याही रोगाचे निदान, उपचार वा प्रतिबंध करण्यासाठी नाही. बाटलीत नेमके किती संप्रेरक (हॉर्मोन) आहे, एका घाण्यातून (बॅचमधून) दुसऱ्या घाण्यात ते किती बदलते, याची जबाबदारी सर्वस्वी उत्पादकाच्या प्रामाणिकपणावर राहते.

ज्या विकारासाठी हे विकले जाते त्या ‘ॲड्रिनल फटीग’ची कल्पना जेम्स विल्सन या कायरोप्रॅक्टर (हाडे-मणके हाताने बसवणारा) आणि नॅचरोपॅथने (निसर्गोपचारकाने) १९९८ साली मांडली. सततच्या ताणामुळे अधिवृक्क ग्रंथी थकतात, कॉर्टिसॉल हे ताणाला तोंड देणारे संप्रेरक पुरेसे तयार करत नाहीत, म्हणून माणसाला सकाळी उठवत नाही, दुपारी गळून जायला होते आणि खारट-गोड खावेसे वाटते, असा तो युक्तिवाद आहे. ऐकायला पटतो, कारण ही लक्षणे कोणाला नसतात? नोकरी, दोन मुले, घरातले सगळे आणि भारतातल्या आईवडिलांची काळजी सांभाळणाऱ्या पन्नाशीच्या जवळ आलेल्या बाईला तर तो आपल्याविषयीच लिहिल्यासारखा वाटतो. पण एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे संप्रेरकतज्ज्ञांच्याच संघटनेने, असा आजार असल्याचा शास्त्रीय पुरावा नाही असे स्पष्ट सांगितले आहे, आणि २०१६ मध्ये ब्राझीलच्या कादेजियानी व काटेर या दोघांनी ५८ अभ्यास तपासून हाच निष्कर्ष काढला. अधिवृक्क ग्रंथी खरोखर निकामी होण्याचा आजार आहे. थॉमस ॲडिसनने तो १८५५ मध्ये वर्णन केला, आणि आपल्याकडे क्षयरोग हे त्याचे एक जुने, ओळखीचे कारण. तो रक्ताच्या चाचणीत सापडतो, त्याला ठरलेले उपचार आहेत आणि त्यावर ग्रंथींची भुकटी कोणताही डॉक्टर देत नाही.

आता गुणाचा भाग, कारण तो सांगितला नाही तर परीक्षण अपुरे राहील. कॅप्सूल सुरू केल्यावर ताईला बरे वाटले, आणि ते मनाचे खेळ नव्हते. पहिल्या काही आठवड्यांतच ती पहाटे उठू लागली, गुडघ्यांचा ताठरपणा गेला, भूक वाढली, फोनवरचा आवाजही खणखणीत झाला. घरातल्या सगळ्यांनी त्या बाटलीचे कौतुक केले. माझ्या मते काळजी करायला हवी होती ती नेमकी इथे. वनस्पतींची मुळे आणि एखाद-दुसरे जीवनसत्त्व इतक्या झटपट सांधे मोकळे करत नाहीत. अशी तडफ देणारी गोष्ट आम्हा औषधविक्रेत्यांच्या चांगल्या ओळखीची आहे. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड औषध सुरू केलेला रुग्ण पहिल्या आठवड्यात अगदी अशाच शब्दांत आनंद सांगतो.

त्रास हळूहळू आले आणि प्रत्येकाला वेगळे स्पष्टीकरण मिळत गेले, म्हणून ते एकत्र कोणी पाहिले नाहीत. झोप तुटू लागली, ते वयामुळे. छातीत धडधड होऊ लागली, ती कॉफीमुळे. चेहरा भरला, त्याला सगळे तब्येत सुधारली म्हणाले. ब्लाउज दंडात आणि पाठीत घट्ट होऊ लागले, पण पाय मात्र बारीकच राहिले. नात्यातल्या एका लग्नासाठी हिरवा चुडा भरताना तिच्या मनगटावर एक निळसर डाग उमटला आणि तो बराच काळ गेला नाही. तिथली त्वचा इतकी पातळ झाली होती की खालची शीर स्पष्ट दिसत होती. ते पाहून मी पहिल्यांदा तिला नीट प्रश्न विचारायला लागले. त्यानंतर नेहमीच्या तपासणीत तिचा रक्तदाब वाढलेला निघाला, पोटॅशियम खालच्या मर्यादेवर आले होते आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या रक्तातील साखरेचा सरासरी अंदाज, मधुमेहपूर्व पातळीत गेले होते.

रक्तदाब आणि पोटॅशियमचा संबंध बहुधा ज्येष्ठमधाशी असावा. ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन हे द्रव्य मूत्रपिंडातले एक विकर (एन्झाइम) अडवते, त्यामुळे शरीरातले कॉर्टिसॉल तिथे अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचे काम करू लागते. मीठ आणि पाणी अंगात साठते, पोटॅशियम बाहेर जाते. घसा बसल्यावर ज्येष्ठमधाची कांडी चघळणे आणि त्याचा अर्क महिनोन्‌महिने रोज पोटात घेणे यांत म्हणूनच फार अंतर आहे. चेहरा, त्वचा आणि साखर यांचे मूळ मात्र ज्येष्ठमधात शोधून भागत नाही. ती स्टिरॉइडची, म्हणजे कॉर्टिसॉलसारखे काम करणाऱ्या द्रव्याची खूण आहे.

अशा बाटल्यांत स्टिरॉइड असू शकते ही माझी शंका नाही, ती तपासलेली गोष्ट आहे. २०१८ मध्ये ‘मेयो क्लिनिक प्रोसीडिंग्ज’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत मुक्तपणे विकली जाणारी १२ ‘ॲड्रिनल सपोर्ट’ उत्पादने प्रयोगशाळेत तपासली गेली. बाराही उत्पादनांत थायरॉइडचे टी३ संप्रेरक सापडले आणि सात उत्पादनांत एक तरी स्टिरॉइड संप्रेरक सापडले. सर्वाधिक वेळा आढळले ते प्रेग्नेनोलोन, पण कॉर्टिसॉल, कॉर्टिसोन, अँड्रोस्टेनडायोन आणि बुडेसोनाइडही होते. बुडेसोनाइडपाशी मी थांबले. ते दम्याच्या इनहेलरमध्ये वापरले जाणारे, कारखान्यात तयार होणारे स्टिरॉइड आहे. कोणत्याही गाईच्या ग्रंथीत ते निसर्गतः नसते. मात्रा कमी असल्या तरी ग्राहक त्या रोज, महिनोन्‌महिने आणि कोणाच्याही देखरेखीविना घेतो, हे विसरता येत नाही.

बंद करतानाचा त्रास हा या परीक्षणाचा गाभा आहे, कारण घेतानाच्या दुष्परिणामांविषयी लोक थोडेफार बोलतात, सोडतानाच्या परिणामांविषयी जवळजवळ कोणी बोलत नाही. रक्तदाबाचा आकडा पाहून ताईने घाबरून कॅप्सूल एकदम बंद केल्या. आठवडाभरात तिला अंथरुणातून उठवेना. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येई, सकाळी मळमळ, अन्नावरची वासना गेलेली, खांदे-मनगटे-गुडघे सगळे ठणकणारे, आणि मन इतके खचलेले की आईशी फोनवर बोलतानाही तिला रडू कोसळे. कॅप्सूल सुरू करण्यापूर्वी ती दमत असे खरी, पण असे तिला कधीच झाले नव्हते.

तिने सल्ला देणाऱ्या नॅचरोपॅथला फोन केला. उत्तर मिळाले ते असे, की यावरून तुमच्या ग्रंथी किती थकल्या आहेत हेच सिद्ध होते, तेव्हा कॅप्सूल पुन्हा सुरू करा आणि मात्रा दुप्पट करा. या उत्पादनाचे सगळ्यात मोठे दूषण मला हेच वाटते. सोडल्यावर जो त्रास होतो तो नेमका त्या कल्पित आजारासारखाच दिसतो, किंबहुना त्याहून ठळक दिसतो. त्यामुळे बाटलीने निर्माण केलेला आजार बाटलीच्या गरजेचा पुरावा म्हणून दाखवता येतो, आणि पुन्हा सुरू केल्यावर खरोखरच बरे वाटत असल्याने रुग्णाचाही त्यावर विश्वास बसतो. यातून माणूस वर्षानुवर्षे बाहेर पडत नाही आणि दर महिन्याला बाटली मागवत राहतो.

शरीरात काय घडते ते इथे सांगायलाच हवे. कॉर्टिसॉल तयार करण्याचा हुकूम मेंदूकडून येतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक सोडते आणि त्याच्या इशाऱ्यावर अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. रक्तात बाहेरून आलेले स्टिरॉइड फिरत असेल तर पिट्युटरीला वाटते की पुरवठा पुरेसा आहे, आणि ती इशारा देणे थांबवते. इशाराच नसल्याने अधिवृक्क ग्रंथींचा कॉर्टिसॉल बनवणारा थर हळूहळू आक्रसतो. मग बाहेरचा पुरवठा अचानक तुटला तर आतला कारखाना चालू व्हायला आठवडे, अनेकदा महिने लागतात. त्या मधल्या काळात साधा ताप, जुलाब-उलट्या, अपघात किंवा शस्त्रक्रिया झाली तरी रक्तदाब आणि साखर कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणजे थकलेल्या ग्रंथींना आधार देण्याच्या नावाखाली निरोगी ग्रंथींना निष्क्रिय करण्याचे काम होते.

तज्ज्ञ डॉक्टरांनी ताईची सकाळी आठची कॉर्टिसॉल चाचणी केली. त्याआधी काही दिवस बायोटिन असलेले सगळे बंद ठेवायला सांगितले, कारण बायोटिनमुळे संप्रेरकांच्या काही रक्तचाचण्या चुकीचे आकडे दाखवतात. एफडीएने २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता, आणि गंमत नव्हे तर खेदाची गोष्ट अशी की बाटलीत बायोटिनही होतेच. कॉर्टिसॉल ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या बरेच खाली आले, एसीटीएचही कमी निघाले, आणि एसीटीएचचे इंजेक्शन देऊनही ग्रंथींनी पुरेसा प्रतिसाद दिला नाही. पिट्युटरीचा एमआरआय निर्दोष होता. इनहेलर, सांध्यातले इंजेक्शन, त्वचेचे मलम यांपैकी काहीही तिने घेतलेले नव्हते. शेवटी डॉक्टरांनी टेबलावर ठेवलेली बाटली हातात घेतली, मागची यादी वाचली आणि हेच कारण धरून उपचार सुरू केले.

उपचार म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजेच गोळीच्या रूपातले कॉर्टिसॉल : मोठा डोस सकाळी उठताच, लहान डोस दुपारी, संध्याकाळनंतर काही नाही, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक लयीशी जुळेल असे. मग तो डोस टप्प्याटप्प्याने कमी करायचा आणि अधूनमधून, आदल्या दिवसापासून गोळी न घेता, सकाळचे कॉर्टिसॉल तपासायचे. युरोप आणि अमेरिकेतील संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२४ मध्ये मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा आकडा १० मायक्रोग्रॅमच्या वर गेला की ग्रंथी जाग्या झाल्या असे मानून गोळी थांबवता येते. ५ च्या खाली असेल तर गोळी चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा पाहतात. याच सूचनांत असेही म्हटले आहे की तीन-चार आठवड्यांपेक्षा कमी काळ स्टिरॉइड घेतलेल्यांना सहसा टप्प्याने कमी करण्याची गरज नसते. ज्यांनी बाटली नुकतीच सुरू केली आहे त्यांच्यासाठी ही दिलासा देणारी गोष्ट आहे.

हा काळ सोपा नव्हता. प्रत्येक वेळी डोस उतरवला की चार-पाच दिवस ताई पुन्हा आडवी होई, सांधे ठणकत, चिडचिड वाढे, आणि बाटली पुन्हा सुरू करण्याचा मोह होई. डॉक्टरांनी तिला ताप आला तर डोस दुप्पट करायचा, उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी न थांबता थेट इमर्जन्सीत जायचे, असे लेखी दिले, आणि हातात घालायला अधिवृक्क ग्रंथींच्या कमतरतेची नोंद असलेले ब्रेसलेट घ्यायला लावले. उपास मात्र तिला सर्वांत जड गेले. ती आषाढी आणि कार्तिकी एकादशी लहानपणापासून करते, नवरात्राचे नऊ दिवसही. कॉर्टिसॉल कमी असताना उपाशी राहिले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, हे पटवायला डॉक्टरांचा शब्द पुरला नाही. “या वर्षी मी करते तुझ्या वाटचे, तू वेळेवर जेव,” असे आईने सोलापूरहून फोनवर सांगितले तेव्हा ती ऐकली. अशा रुग्णांना विचारायच्या प्रश्नांत उपासाचा प्रश्न अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या यादीत नसतो. आपला आपणच सांगावा लागतो.

मूळ थकवा कशाचा होता, हे या सगळ्याच्या शेवटी कळले. नॅचरोपॅथने दिवसातून चार वेळा लाळ गोळा करून कॉर्टिसॉलचा आलेख काढला होता आणि त्याचे पैसे विम्याबाहेर घेतले होते, पण साधे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची चाचणी) पाहिले नव्हते. रजोनिवृत्तीच्या आधीच्या काळातल्या अतिरक्तस्रावामुळे ताईचे लोह संपत आले होते आणि वर्षानुवर्षांच्या शाकाहारामुळे बी१२ कमी होते. दोन्हींवर स्वस्त, सरळ उपचार आहेत. थायरॉइड, मधुमेह, झोपेतील श्वासावरोध आणि नैराश्य ही थकव्याची नेहमीची कारणेसुद्धा ‘ॲड्रिनल फटीग’चा शिक्का बसला की शोधायची राहून जातात, आणि हे नुकसान कोणत्याही बाटलीच्या किमतीत धरलेले नसते.

कंपनीच्या सेवेविषयीही लिहिले पाहिजे. लेबलवरच्या क्रमांकावर मी फोन केला. बोलणाऱ्या बाई सौजन्याने वागल्या, न उघडलेल्या बाटल्यांचे पैसे परत देण्याची तयारी दाखवली, पण घाण्यानुसार संप्रेरकांची तपासणी होते का, या माझ्या प्रश्नाला ‘उत्पादन नैसर्गिक आहे’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. गंभीर दुष्परिणाम कळवला गेला की कंपनीने तो १५ कामकाजी दिवसांत एफडीएला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. मी तो लेखी कळवला, आणि एफडीएच्या मेडवॉच या दुष्परिणाम नोंदवण्याच्या व्यवस्थेवर स्वतंत्रपणेही नोंदवला.

याच वर्गातील डीएचईए या संप्रेरकाविषयी थोडेसेच लिहिते. अमेरिकेत ते पूरक म्हणून खुले मिळते आणि भारतात वंध्यत्वाच्या उपचारांत काही डॉक्टर ते देतात. ते शरीरात टेस्टोस्टेरॉन व इस्ट्रोजेनमध्ये बदलत असल्याने स्त्रियांना मुरुमे, चेहऱ्यावर केस आणि डोक्यावरचे केस विरळ होणे हे त्रास होऊ शकतात. थकव्यासाठी ते स्वतःहून सुरू करू नये.

भारतात जाताना नातेवाईक ज्या वस्तू मागवतात त्यांत हल्ली अशा बाटल्याही असतात, म्हणून हे मराठीत लिहीत आहे. शिवाय आपल्याकडे याचे दुसरे रूप जुनेच आहे : सांधेदुखीवर रामबाण म्हणून दिली जाणारी पुडी, जी घेतल्यावर दोन दिवसांत म्हातारा माणूस चालू लागतो आणि जी थांबवली की अंथरुणाला खिळतो. अमेरिकेत २०२२ मध्ये एफडीएने ‘आर्ट्री किंग’ या सांधेदुखीच्या पूरकात लेबलवर न लिहिलेले डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सापडल्याचा इशारा दिला, तेव्हा ते एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना भेटा, असेही स्पष्ट बजावले होते.

या उत्पादनाला मी एकही तारा देत नाही. जे सध्या ते घेत आहेत त्यांनी घेण्याचा काळ महिनाभराहून अधिक असेल तर उद्या सकाळपासून एकदम बंद करू नये, आणि फेकूनही देऊ नये. बाटली लॉट क्रमांकासह जशीच्या तशी डॉक्टरांकडे न्यावी, कधीपासून आणि रोज किती घेतली ते सांगावे, आणि सकाळी आठच्या कॉर्टिसॉलची चाचणी मागावी. चक्कर, उलट्या, ग्लानी किंवा फार खाली गेलेला रक्तदाब असेल तर चाचणीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि दारातच स्टिरॉइडचा उल्लेख करावा. भारतात दुष्परिणाम कळवण्यासाठी औषध सतर्कता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. पुडीवर नाव नसले तरी तक्रार नोंदवताना ती कोणी दिली, कोणत्या गावी दिली आणि कधीपासून घेतली एवढे तरी सांगावे.